तलावांचे शहर ठाणे: एका बिरुदाची तपासणी

ठाण्याची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येते: शिलाहार राजांनी इथे साठ-पासष्ट तलाव बांधले, त्यातले पस्तीस आज शिल्लक आहेत, म्हणून ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. शाळेच्या प्रकल्पवहीत, गणेशोत्सवाच्या देखाव्यात, सोसायटीच्या स्मरणिकेत आणि बिल्डरच्या माहितीपत्रकातही ते जसेच्या तसे उतरते. वाक्य सुटसुटीत आहे, पण त्यात चार वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत. तलाव कोणी बांधले, किती होते, किती उरले आणि बिरुद कशावरून पडले, हे ते चार दावे. यातला एक ढासळला की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो, आणि "तलावांचे शहर वगैरे सगळी जाहिरात" असे म्हणणाऱ्याचे फावते. हा ठाण्यावर अन्याय आहे. बिरुद खरे आहे. त्याचे जे कारण सांगितले जाते ते अपुरे आहे.

तलावाच्या काठी लावायच्या एका फलकाचा मजकूर लिहायचा आहे, असे धरून हे प्रकरण इथे सोडवले आहे. फलकावर साठ-सत्तर शब्द मावतात आणि एकदा लावलेला फलक वर्षानुवर्षे वाचला जातो. म्हणून शब्द न् शब्द तपासून घ्यावा लागतो.

जुन्या कागदांतले ठाणे

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत या गावाचे नाव स्थानक किंवा श्रीस्थानक असे येते. १७८७ मध्ये ठाण्यात पायासाठी खणताना जे ताम्रपट सापडले, ते शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने 'ताना'च्या राज्याबद्दल लिहिले ते कातडी, धूप आणि सुती कापड यांच्या व्यापारासाठी. पोर्तुगीज अमलात ठाणे गाजले रेशमी विणकामासाठी. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकले तेव्हा महत्त्व होते किल्ल्याला, ज्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी १७३० मध्ये सुरू केले होते. तोच किल्ला पुढे तुरुंग झाला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी रेल्वे ३४ किलोमीटर धावून इथे पोहोचली, आणि मग ठाण्याची ओळख रेल्वेशी जोडली गेली.

थोडक्यात, हजार वर्षांत ठाण्याला बंदर, पेठ, किल्ला, रेल्वे अशा बऱ्याच गोष्टींनी नाव मिळवून दिले. तलाव या सगळ्या काळात होतेच. पण ते घरच्या विहिरीसारखे रोजच्या वापरातले होते आणि रोजच्या वापरातल्या गोष्टीवरून कोणी गावाला पदवी देत नाही. फलकावर "प्राचीन काळापासून तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध" असे लिहिण्याचा मोह होतो, तो इथेच सोडावा.

शिलाहारांचा भाग मात्र पूर्ण खोडून काढण्याचे कारण नाही. हे घराणे शिवभक्त आणि मंदिरे बांधणारे होते. अंबरनाथचे शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे, ठाण्यापासून फार लांब नाही. शिवमंदिर आले की पाण्याचे कुंड किंवा तळे आलेच. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वर आहे. आजचे मंदिर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारले, पण स्थान त्याहून जुने मानले जाते. खोपटला सिद्धेश्वर आणि त्याचा तलाव आहे, कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळीला शिवमंदिराला लागूनच तलाव आहे. मंदिराजवळच्या काही तलावांचे मूळ शिलाहारकाळात जाते, असे म्हणायला जागा आहे. मात्र "सगळे तलाव एका राजघराण्याने बांधले" हे वेगळे विधान झाले. गावोगावची तळी कोणी एकाने आखून दिलेली नसतात. ती गरजेप्रमाणे, वेगवेगळ्या शतकांत, गावाच्या अंगमेहनतीने खोदली जातात.

इतके तलाव इथेच का

या प्रकरणाचा गाभा हा आहे आणि नेमका तोच बहुतेक लेखांत गाळलेला असतो.

ठाणे एका चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी, आणि खाडीपलीकडे कळवा-मुंब्र्याच्या मागे पारसिकची रांग. डोंगरावरचे पाणी नाल्यांनी तासाभरात खाडीला मिळते. खाडीचे पाणी खारट, आणि खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. खाली काळा कातळ, वर मुरूम आणि चिकणमाती. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे चार महिने पाण्याचा सुकाळ आणि आठ महिने गोड्या पाण्याची चणचण.

आता साधा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटरचा, सरासरी दोन मीटर खोल तलाव घेतला तर त्यात २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी मावते. त्याच एक हेक्टरवर पावसाळ्यात थेट आकाशातून अडीच मीटर पाणी पडते, म्हणजे २५,००० घनमीटर. पावसाळ्यातले बाष्पीभवन वजा केले तरी असा तलाव डोक्यावरच्या पावसानेच जवळजवळ भरतो. वरून एखादा ओहोळ आला तर सांडव्यावरून वाहू लागतो. ऑक्टोबर ते मे या काळात बाष्पीभवनाने एक ते सव्वा मीटर पाणी उडते. तळाला चिकणमाती नीट बसलेली असेल आणि पाझर बेताचा असेल, तर मे अखेरपर्यंत मध्यभागी पाणी टिकते.

याचा अर्थ ठाण्यात तलाव करायला नदी अडवावी लागत नाही, मोठे पाणलोट क्षेत्र लागत नाही, राजाश्रयही लागत नाही. गावाच्या वरच्या अंगाला उताराच्या पायथ्याशी खड्डा घ्यायचा, निघालेल्या मुरमाची खालच्या बाजूला पाळ घालायची, जोत्यांना भर घालायला उरलेला मुरूम वापरायचा, पाळीच्या एका टोकाला दगडी सांडवा ठेवायचा, एका बाजूला उतरायला घाट. गुरे, धुणे, गणपती, आणि शेजारच्या विहिरींना पाझर, सगळे त्यातून भागते. म्हणून जवळजवळ प्रत्येक गावाला आणि मोठ्या पाड्याला आपले तळे होते.

उदयपूरशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. उदयपूरलाही तलावांचे शहर म्हणतात, पण तिथे पाऊस सव्वासहाशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे खड्डा खणून भागत नाही. खोऱ्याचे पाणी बांध घालून अडवावे लागते. त्यामुळे पिछोला, फतेहसागर असे थोडे पण विस्तीर्ण जलाशय झाले. भोपाळचा मोठा तलावही असाच, राजा भोजाच्या नावाशी जोडलेला. त्या शहरांचे बिरुद तलावांच्या विस्तारावरून आले, ठाण्याचे संख्येवरून. ठाण्याचा तलाव पाहायला आलेला पाहुणा मासुंद्याची फेरी काही मिनिटांत पुरी करतो आणि "एवढाच?" असे विचारतो, त्याला हे सांगायला हवे. इथे एक तलाव पाहून बिरुद कळत नाही.

संख्या वाढली ती १९८२ मध्ये

ठाणे नगरपालिका १८६३ ची. तिच्या हद्दीतले जुने शहर म्हणजे आजचा स्टेशन, जांभळी नाका, खारकर आळी, उथळसर, चरई, चेंदणी, नौपाडा, खोपट हा भाग. या भागातले आणि त्याला लागून असलेले तलाव म्हणजे मासुंदा, सिद्धेश्वर, जेल तलाव, मखमली, ब्रह्माळा, जोगिला, गोकुळनगर, कोलबाड, आंबेघोसाळे, पाचपाखाडीचा कचराळी, असे. लहान गावाच्या मानाने भरपूर, तरी ही यादी पस्तिसाच्या जवळपासही जात नाही.

१ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची तीसहून अधिक गावे शहरात आली. त्यांच्याबरोबर त्यांची तळीही आली. बाळकुमचा रेवाळे, घोडबंदर रस्त्यावरचे कासारवडवली, ओवळा, कावेसर, तुर्फेपाडा; खाडीपलीकडे कळवा, खारेगाव; मुंब्र्याकडे कौसा; त्यापुढे दिवा, दातिवली, आगासन, देसाई, खिडकाळी, डायघर. पालिकेच्या यादीतली पस्तीस ही संख्या या बेरजेतून येते. यादीतला मोठा वाटा आगरी, कोळी आणि आदिवासी वस्तीच्या गावांचा आहे, ज्यांना १९८२ पूर्वी कोणी ठाणे शहर म्हणत नव्हते.

म्हणून "ठाण्यात पूर्वी साठ-पासष्ट तलाव होते" या वाक्याला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: कोणत्या ठाण्यात? नगरपालिकेच्या हद्दीत की आजच्या महापालिकेच्या? हद्द न सांगता दिलेला आकडा तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते फलकावर घालू नये.

दुसरी गोष्ट तलावांच्या वापराची. नळाचे पाणी येण्याआधी तलाव ही सोय होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोखरण तलावाचे पाणी शहराला आले. पोखरण रस्ता क्रमांक एक आणि दोन ही नावे त्या तलावाची. पुढे दूरच्या धरणांचे पाणी आले आणि घराजवळच्या तळ्यावर कोणी हंडा घेऊन जाईना. वापर संपला की राखण संपते. गाळ काढणारे हात गेले, जमिनीचे भाव चढले, आणि तळे ही रिकामी जागा दिसू लागली. ज्या दशकांत तलाव बुजत होते त्याच दशकांत तलावांचे शहर हे शब्द पालिकेच्या, वर्तमानपत्रांच्या आणि पर्यटनाच्या भाषेत रुळले. गडकरी रंगायतन हे नाट्यगृह १९७८ मध्ये मासुंद्याच्या काठावर उभे राहिले. तलावपाळी (मासुंद्याचेच बोलण्यातले नाव) ही पाणी भरायची जागा राहिली नव्हती. फिरायची, भेटायची, दिवाळी पहाटेला गर्दी करायची जागा झाली होती. बिरुद या नव्या नात्यातून पक्के झाले.

खाडीच्या पलीकडे नवी मुंबई आहे. जमीन तशीच, पाऊस तोच, बेलापूर-नेरूळ-ऐरोलीच्या गावठाणांतही तळी आहेत. पण ते शहर गेल्या काही वर्षांत स्वतःला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवते. सारखा भूगोल असून दोन शहरांनी दोन बिरुदे निवडली. बिरुदाला भूगोलाचा आधार लागतो. निवड मात्र लोक आणि संस्था करतात.

मोजणी कशी करायची आणि कुठे चुकते

ज्यांना आकडा स्वतः पडताळायचा आहे, विद्यार्थी असोत की रहिवासी गट, त्यांनी आधी व्याख्या ठरवावी आणि मगच मोजायला निघावे. कामाला येणारी व्याख्या अशी: जागेची नोंद सरकारी कागदावर तलाव म्हणून आहे; मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिथे पाणी आहे; आणि पाणी आत येण्याचा व बाहेर जाण्याचा मार्ग ओळखता येतो. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर जिवंत तलाव. नोंद आहे पण पाणी नाही, तर बुजलेला. पाणी आहे पण नोंद नाही, तर वेगळ्या यादीत, कारण ती बहुधा खाण, पाया खणलेला खड्डा किंवा तुंबलेला नाला असतो.

कागद पाहताना जुन्या शहरासाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका आणि गावांसाठी गाव नकाशा व सातबारा लागतो. सातबारावर तलावाखालची जमीन बहुधा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या क्षेत्रात असते. गाव नकाशे महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. गट क्रमांक लिहून घ्यावा, नुसते नाव नको. त्यानंतर महापालिकेचा पर्यावरण स्थिती अहवाल आणि विकास आराखडा.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर विसंबू नये. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. वीस गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे २,०२० चौरस मीटरचे तळे चौकोनी धरले तर बाजू ४५ मीटर, आणि नकाशावर ते एक मिलिमीटरही भरत नाही. ठाण्यातली बरीच तळी याच मापाची. नकाशात दिसत नाही म्हणून तलाव नव्हताच, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

उपग्रह चित्रे पाहताना महिना सगळ्यात महत्त्वाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या चित्रात भातखाचरे, खाजणे आणि पाणी साचलेली मैदाने तलावासारखी दिसतात, आणि जलपर्णीने भरलेला खरा तलाव हिरव्या मैदानासारखा दिसतो. एकच तारीख पाहिली तर दोन्हीकडून फसगत. निदान एक पावसाळ्यानंतरचे आणि एक मे महिन्याचे, अशी जोडी पाहावी. क्षेत्रफळ चित्रावर रेखून काढावे. फोन हातात घेऊन काठाने चालत मोजले तर जीपीएसची चूक तीन-चार मीटरची येते. पन्नास मीटर बाजूचे तळे चोपन्न मीटरचे दिसले की क्षेत्रफळ सुमारे सतरा टक्क्यांनी फुगते.

मोजणीतल्या सर्वात जास्त चुका मात्र नावांत होतात. मासुंदा आणि तलावपाळी हे दोन तलाव समजून मोजलेल्या याद्या पाहायला मिळतात. गावाचे नाव, देवळाचे नाव आणि आजूबाजूच्या वसाहतीचे नाव अशा तीन नावांनी एकच तळे तीनदा येते. उलटही होते: एकाच गावातली दोन तळी एका नावाखाली जातात. मधून रस्ता गेल्यामुळे दोन तुकडे झालेला तलाव काही जण दोन धरतात. गणेश विसर्जनासाठी पालिका दरवर्षी कृत्रिम तलाव करते. मूळ तलावांत गाळ आणि प्लास्टर ऑफ पॅरिस साठू नये म्हणून ठाण्याने उचललेले हे चांगले पाऊल आहे, पण ते हौद आहेत, त्यांना या यादीत जागा नाही. नावाऐवजी गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश यांवर यादी केली की यातल्या बहुतेक चुका आपोआप गळतात.

गावातल्या वयस्क माणसांना विचारताना "इथे तलाव होता का?" असे विचारू नये, होकारच येतो. "गौरी-गणपती कुठे बोळवायचे? गुरे कुठे धुवायची? पोहायला कुठे शिकलात?" असे विचारले की जागा बोटाने दाखवली जाते. मग ती गाव नकाशाशी ताडून पाहावी.

उरलेला म्हणजे कोणत्या अवस्थेत उरलेला

पस्तीस हा आकडा लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत ठाण्यातले नऊ तलाव घेतले गेले. गाळ काढणे, काठ बांधणे, कारंज्यांनी पाण्यात हवा मिसळणे, भोवती पायवाट, अशी कामे शहरातल्या अनेक तलावांवर झाली. महापालिका मुख्यालयाजवळचा कचराळी सकाळी फिरणाऱ्यांनी भरलेला असतो, हे त्याचेच फळ.

पण काठाभोवती सलग काँक्रीटची भिंत घातली की उतारावरून येणारे पाणी बंद होते, शेजारच्या विहिरींचा पाझर घटतो, बेडूक-पाणपक्ष्यांना उतरायला उथळ कड उरत नाही. तळे हौद होते. सांडव्याचे तोंड गटाराला जोडले आणि गटार तुंबले की उलट दिशेने सांडपाणी आत येते. सांडपाण्यातला फॉस्फेट आणि नायट्रोजन शेवाळाला खत होतो. शेवाळ रात्री प्राणवायू वापरते. पहाटे तो सर्वात कमी असतो आणि मासे तेव्हाच मरतात. म्हणून पाण्याची तपासणी दुपारी न करता सूर्योदयाच्या आधी करावी. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आणि जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) असा आहे. दुपारी घेतलेला नमुना शेवाळामुळे फसवा, चांगला दिसतो.

बुजलेला तलाव कायमचा गेला असे मात्र धरू नये. उथळसरचा जोगिला तलाव भराव आणि वस्तीखाली गेला होता. पालिकेने तिथली घरे हलवून तो पुन्हा खोदण्याचे काम हाती घेतले. त्याला आधार मिळाला तो जुन्या नोंदीचा. तलावाची नोंद कागदावर टिकवणे हेच त्याला वाचवण्याचे पहिले काम आहे, आणि ते एखाद्या शाळेच्या वर्गालाही जमण्यासारखे आहे.

फलकाचा मजकूर

वरचे सगळे गाळून घेतल्यावर मजकूर असा उरतो:

"डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या या पट्टीत भरपूर पाऊस पडतो, पण खाडीचे पाणी खारे. म्हणून इथल्या गावागावाने गोड्या पाण्यासाठी तळी खोदली. काही मंदिरांजवळची तळी फार जुनी आहेत. १९८२ मध्ये ही गावे ठाणे महानगरपालिकेत आली आणि त्यांचे तलाव शहराचे झाले. पालिकेच्या यादीत सुमारे ३५ तलाव आहेत. लहान पण अनेक तलावांमुळे ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात."

"सुमारे ३५" च्या खाली यादीचे वर्ष बारीक अक्षरात लिहावे आणि तो भाग वेगळ्या पट्टीवर स्क्रूने बसवावा, म्हणजे आकडा बदलला तर पूर्ण फलक काढावा लागत नाही. ज्या तलावाकाठी फलक लागणार, त्याचा गट क्रमांक आणि क्षेत्रफळही त्याच पट्टीवर घालावे.